आप्पांचा होन

गेल्या वैशाखात पुण्याहून भाच्याचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर म्हणाला, "आत्या, आप्पाआजोबांचा तो होन तुझ्याकडेच आहे ना? लिलावात अशा होनाला लाखांनी पैसे येतात म्हणे. पोरीच्या इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी त्यात निघेल." आवाजात थोडा संकोच होता. घरची वस्तू विकायची, तीही महाराजांची, म्हणून. मी म्हटले, दादाला विचार, त्याची हरकत नसेल तर माझी नाही. पण विकण्याआधी ती पारखून घ्यायला हवी.

पारख हा शब्द तोंडातून गेला आणि माझ्या लक्षात आले की गेल्या पन्नास वर्षांत आम्ही ती कधीच करून घेतली नव्हती.

आमच्या नातेवाइकांपैकी थोरल्या मंडळींना ही गोष्ट ठाऊक आहे, धाकट्यांसाठी सांगते. १९७४ साल. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली होती आणि कोल्हापुरात उत्साहाला उधाण आले होते. करवीरची गादी ही महाराजांच्याच घराण्याची, त्यामुळे आपल्याकडे हा सोहळा घरच्या कार्यासारखा वाटतो. आप्पा कचेरीत कारकून. त्या दिवसांत त्यांना कचेरीबाहेर एक माणूस भेटला. पन्हाळ्याच्या पायथ्याला शेत नांगरताना हंडा लागला, त्यातली मोहोर आहे, गरज आहे म्हणून देतो, असे त्याने हळू आवाजात सांगितले. फडक्यात गुंडाळलेले, बोटाच्या पेराएवढे पिवळे नाणे. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आले म्हणे. सोन्याचा भाव तेव्हा तोळ्याला पाचशेच्या आसपास होता. त्या माणसाने सातशे मागितले. आप्पांकडे सातशे कुठले? आईने हातातली एक पाटली काढून दिली. दुसरी एकटी बरी दिसेना, म्हणून तिने तीही घालायची सोडली. पुढे ती माझ्या लग्नात आटवली.

तर तो हा होन. मी नोकरीला लागल्यावर आप्पांनी तो माझ्याकडे दिला. दर वर्षी राज्याभिषेकाचा धडा आला की मी तो काड्यापेटीत कापूस घालून शाळेत न्यायची. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरायची, पण हात लावू द्यायची नाही. चौतीस वर्षांत किती मुलांनी तो पाहिला असेल, हिशेब नाही.

आता थोडा इतिहास. ६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि महाराजांनी स्वतःच्या नावाने नाणी पाडली, सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. दोन्हींवर नागरी अक्षरे. भोवतालच्या बहुतेक नाण्यांवर फारसी मजकूर असताना हे केले, यातच सारे आले. होन वजनाने जेमतेम पावणेतीन-पावणेतीन ग्रॅमहून थोडा अधिक, म्हणजे पाव तोळ्याच्या आत-बाहेर. पण होन म्हटला की तो शिवराईच असतो असे नाही. सभासदाने बखरीत महाराजांच्या खजिन्यातल्या नाण्यांची जी यादी दिली आहे ती वाचून पाहा. पुतळ्या, देवराई, अच्युतराई, रामचंद्रराई, धारवाडी... विजयनगरच्या राजांच्या नावाचेसुद्धा होन त्यात आहेत. शिवराई होन हा त्या गर्दीतला एक. व्यवहार चाले तो मुख्यतः जुन्या, परक्या, ओळखीच्या नाण्यांवर. म्हणूनच अस्सल शिवराई होन आज बोटांवर मोजावे इतके दुर्मीळ आहेत, आणि म्हणूनच नकली होन उदंड आहेत.

इतक्या तऱ्हेची नाणी एकाच बाजारात फिरत असतील तर खोटे नाणे ओळखणारा माणूस हवाच. आपल्याकडे तो गावोगाव होता, पोतदार. बहुधा सोनार असे. वसुलीचा पैसा सरकारात भरण्याआधी तो नाणे पारखून देई. आपल्या भाषेत या धंद्याच्या खुणा जागोजाग आहेत. नाणे फरशीवर टाकले की चांदीचा आवाज खणखणीत येतो, शिसे मिसळलेले बद्द वाजते, म्हणून माणूसही आपण वाजवून घेतो. झिजलेल्या किंवा हिणकस नाण्यावर सराफ बट्टा कापत, म्हणून नावालाही बट्टा लागतो. पेशवाईत तर टांकसाळींचे परवाने खाजगी लोकांना दिले जात आणि काही जण कमअस्सल नाणी पाडून नफा काढत. १७६०च्या सुमारास धारवाडकडच्या अशा टांकसाळी पेशव्यांना बंद करायला लागल्या.

खुद्द महाराजांचे या बाबतीतले धोरण मला फार आवडते. राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर तहाची कलमे घेऊन आला होता. इंग्रजांचे नाणे आपल्या मुलखात चालावे असे त्यातले एक कलम होते. महाराजांनी उत्तर दिले ते अशा अर्थाचे, की तोटा सोसून कोणाचे नाणे घ्या अशी सक्ती मी रयतेवर करणार नाही; तुमचे नाणे वजनाला आणि कसाला चांगले असेल तर ते चालेल, मी अडवणार नाही. नाण्याची किंमत त्यावरच्या शिक्क्यापेक्षा त्यातल्या धातूवर, हा सरळ हिशेब. मी हा प्रसंग वर्गात किती रंगवून सांगितला असेल! आणि हातात काड्यापेटी.

असो. भाच्याच्या फोननंतर मी गुजरीत आमच्या नेहमीच्या सराफांकडे गेले. त्यांच्याकडे आता मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. नाणे ठेवले तर २.३१०. माझ्या पोटात पहिल्यांदा काहीतरी हलले. झिजेने एवढे वजन जात नाही, आणि आमचे नाणे झिजलेले नव्हतेच. मग त्यांनी दोऱ्याला बांधून ते पाण्यात सोडून तोलले. ही आर्किमिडीजची युक्ती आपण सातवी-आठवीत शिकतो आणि विसरतो. पाण्यात भरले २.१६०. फरक ०.१५०. वजनाला या फरकाने भागले की घनता येते, १५.४. शुद्ध सोन्याची घनता १९.३, बावीस कॅरटची पावणेअठराच्या आसपास, पितळेची साडेआठ. सराफ म्हणाले, "बाई, सोनं हाय. पण अठराचं. बावीसचं न्हाई."

एवढ्याने निकाल लागत नाही हे मुद्दाम सांगते, कारण पुष्कळांची फसगत इथेच होते. सोने आहे म्हणजे खरे आहे असे ते धरून चालतात. पण बनावट होन करणाऱ्याला दोन-सव्वादोन ग्रॅम सोने घालणे जड नसते. ज्याचे शंभरपट येणार तिथे तो कशाला पितळ वापरील?

मग मी नाणी जमवणाऱ्या एका गृहस्थांकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेले, चाळीस वर्षांचा छंद. त्यांनी आधी चहा दिला, मग भिंग दिले आणि म्हणाले, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हीच बघा. त्यांनी पुढे एक अस्सल तांब्याची शिवराई ठेवली आणि तिच्याशेजारी आमचा होन.

जुनी नाणी हाताने पाडलेली असत. धातूची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा तिच्यावर धरायचा आणि हातोडा मारायचा. घावाने धातू अक्षरांच्या खळग्यात दाबून शिरतो. त्यामुळे अक्षरांच्या कडा धारदार उमटतात, अक्षरांच्या मधली जमीन घट्ट आणि गुळगुळीत होते, चकतीची कड कुठे तडकते. बनावट नाणे बहुधा ओतीव असते. खऱ्या किंवा आधीच्या खोट्या नाण्याचा साचा घेऊन त्यात रस ओततात. रस थिजताना हवेचे बारीक बुडबुडे राहतात. भिंगातून पाहिले तर आमच्या 'राजा'च्या पोटात सुईने टोचल्यासारखी भोके होती. अक्षरे साबणाच्या वडीवर असावीत तशी गोलसर. कडेला एक बारीक रेघ होती, साच्याचे दोन अर्ध जुळतात तिथली, ती कोणी तरी कानशीने घासून काढायचा प्रयत्न केला होता. ओतीव वस्तू थिजताना आकसते, म्हणून नक्कल मुळापेक्षा किंचित लहान भरते. वजन कमी असण्याचे थोडे कारण ते, बरेचसे हिणकस सोने.

तरीही मी म्हटले, एखाद्या गावठी टांकसाळीत... त्यांनी मला वाक्य पुरे करू दिले आणि कपाटातून एक डबी काढली. आत दोन होन. एक पितळेचा, वर मुलामा दिलेला, एक तांब्याचा. दोन्ही वेगवेगळ्या माणसांनी त्यांच्याकडे 'शेतात सापडला' म्हणून आणलेले. माझ्या होनावर कडेच्या मण्यांच्या ओळीत एक मणी फुटका आहे. आप्पा त्याला कुदळीचा घाव म्हणायचे. पितळेच्या होनावर तोच मणी फुटका होता. तांब्याच्याही.

हाताने पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असली तरी कधी जुळी नसतात. एकाचा शिक्का जरा डावीकडे सरकतो, दुसऱ्याचा खाली, एकावर घाव पुरा बसतो, दुसऱ्यावर अर्धा. एका नाण्याला कुदळ लागली तर ती दुसऱ्याला लागत नाही. तीन नाणी सगळ्या जखमांसकट सारखी असतील तर तिन्ही एका साच्यातून निघालेली. यापुढे मला काही विचारायचे उरले नाही.

तांब्याच्या शिवराईत तर ही परीक्षा आणखी सोपी आहे. शिवराईची चकती ठशापेक्षा लहान असे, त्यामुळे एका नाण्यावर पुरा मजकूर सहसा मावतच नाही. कुठे 'श्री' कापला जातो, कुठे 'व' अर्धा. शिवाय ही नाणी महाराजांनंतर दीडएकशे वर्षे ठिकठिकाणी पाडली जात होती, लिहिणारे हात वेगळे, म्हणून शिव, शीव, सिव, सीव अशी सगळी शुद्धलेखने सापडतात. (एकेकाळी अशा चुकांना मी लाल शाईने गोल केले असते.) पुढची 'दुदांडी' शिवराई, मध्ये दोन आडव्या दांड्या असलेली, इंग्रजांचे राज्य आल्यावरही काही काळ पडत होती. म्हणजे घरात शिवराई आहे म्हणून ती महाराजांनी पाडलेली, असे समजायचे कारण नाही. आता बाजारात नव्या ठशांच्या बनावट शिवराया येतात. त्यांच्यावर सगळी अक्षरे सुबक, मध्यावर बसवलेली, आणि रसायनाने सगळीकडे एकसारखा चढवलेला हिरवा रंग. खऱ्या तांब्यावर रंग असा येत नाही. उंचवटे हाताने घासून तपकिरी होतात, हिरवट काजळी खोलगट भागात बसते.

नाण्यांना म्हातारपण आणण्याची कला युरोपातही जुनी आहे. जर्मनीतला बेकर नावाचा गृहस्थ (१७७२ ते १८३०) ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे इतके उत्तम कोरी की मोठमोठे संग्राहक फसले. नवी नाणी तो लोखंडाचा कीस आणि वंगण भरलेल्या पेटीत घालून ती पेटी घोडागाडीला बांधून हिंडवायचा, असे सांगतात. त्याचे ठसे बर्लिनच्या संग्रहालयात आहेत.

बाकीच्या खोट्या नाण्यांबद्दल थोडक्यात. १९३९चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया फार दुर्मीळ, १९३८चा सहज मिळणारा. तेव्हा ८ खरवडून ९ करतात. भिंगातून त्या आकड्याभोवतीची जमीन बघावी, खरवडलेली कळते. आणि रामपंचायतन किंवा मारुती असलेले, 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८, अर्धा आणा' लिहिलेले तांब्याचे नाणे तुमच्यापैकी निदान चार घरांत आहे हे मला माहीत आहे. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. १८१८ म्हणजे पेशवाई बुडाली ते साल, त्या वर्षी कंपनी सरकार मारुतीचा छाप घेऊन बसले असेल का, एवढा विचार केला तरी पुरे. ही जत्रेतली पदके आहेत, देवघरात ठेवायला हरकत नाही. पण ती तांदूळ ओढतात, परदेशात कोटीला जातात असे सांगून आगाऊ पैसे मागणारे टोळभैरव फिरतात, त्यांना दारात उभे करू नका. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी विकत घेण्याची आमिषे दाखवून शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असे त्या बँकेनेच २०२१च्या ऑगस्टमध्ये जाहीर केले होते.

या सगळ्यात एक गंमत अशी, की नक्कल म्हणजे फसवणूकच असे नाही. आमच्या आजीच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती. पुतळी म्हणजे मुळात इटलीतल्या व्हेनिसचे सोन्याचे नाणे, डुकाट. १२८४ साली सुरू झाले, पाचशे वर्षे चालले आणि त्याचे सोने इतके चोख की आपल्याकडे व्यापारातून आले आणि लोकांना आवडून गेले. त्यावर त्यांचा एक संत उभा, त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यकर्ता, आणि मागे येशू ख्रिस्त. आपल्या सोनारांनी तशाच पुतळ्या घडवल्या, लॅटिन अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा आणि टिंबे आली, आणि आपल्या बायकांनी त्यात रामसीता पाहिली. आजीला कोणी फसवले नव्हते. सोन्याच्या वजनाचे पैसे देऊन तिने दागिना घेतला होता.

आप्पांचे मात्र तसे नव्हते. मी परत येताना रिक्षात हाच विचार करत होते, की आप्पांसारखा चौकस माणूस, बाजारात वांगी घेतानाही देठ दाबून बघणारा, सातशे रुपये देताना कोणालाच कसे विचारायला गेला नाही? गुजरी कचेरीपासून काही लांब नव्हती. टाउन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू ठेवल्या आहेत, तिथे नाण्यातले जाणकार कोण हे कोणीही सांगितले असते.

उत्तर त्या माणसाच्या गोष्टीतच आहे असे मला वाटते. 'हंडा सापडला.' १८७८च्या कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांवरचे धन जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. आप्पा कचेरीतले, त्यांना हे पाठ. त्यात तेव्हा सुवर्ण नियंत्रण कायदा होता, तो १९९०मध्ये उठला. सोने म्हटले की लोक दबकून बोलत. आप्पांसारख्या सरळ माणसाने आयुष्यात एकदाच काहीतरी लपवले, आणि लपवायचे ठरवले तिथेच पारख संपली. त्या माणसाने नाणे विकले आणि त्याबरोबर गप्प बसण्याचे कारणही दिले. 'कोणाला दाखवू नका' असे तो म्हणाला होता, हे आप्पा कौतुकाने सांगत, त्या गरिबाची काळजी म्हणून.

आणि मी? मला कायद्याची भीती नव्हती. मी इतिहास शिकवत होते, पुरावा म्हणजे काय ते फळ्यावर लिहून देत होते. तरी चौतीस वर्षांत तो वजनकाट्यावर ठेवला नाही. मुलांना हात का लावू देत नव्हते? हरवेल म्हणून, असे मी स्वतःला सांगत असे. आज तेवढे खात्रीने सांगता येत नाही.

भाच्याला फोन केला. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "बरं झालं आत्या, लिलावात पाठवला असता तर तिथं शोभा झाली असती." फीसाठी त्याने बँकेचे कर्ज काढले. दादा दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "आईला हे कळलं नाही हे बरं." मला मात्र तसे वाटत नाही. आई होन हातात घेऊन कधी बघतच नसे. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आप्पा होन ठेवत, आणि ती तिच्या डब्यातल्या, सासूने दिलेल्या तीन काळ्या शिवराया ठेवी. त्या तिन्ही मी त्याच गृहस्थांना दाखवून आणल्या. तिन्ही खऱ्या आहेत. एक दुदांडी आहे. किंमत काही शेकड्यांत.

परवा महाद्वार रोडवर एक जुना विद्यार्थी भेटला, आता त्याचीच मुले कॉलेजात आहेत. वाकून नमस्कार करून बायकोला म्हणाला, "या बाईंनी आम्हाला महाराजांचा होन दाखवला होता." मी तिथेच त्याला सांगितले की तो खोटा निघाला. तो जरा गोंधळला. मग म्हणाला, "बाई, नसतं सांगितलं तरी चाललं असतं." बाकीच्या शेकडोंना सांगायचे कसे, म्हणून हे लिहिले आहे. ज्यांना ज्यांना माझे विद्यार्थी भेटतील त्यांनी सांगावे.

होन मी काड्यापेटीतून काढून शिवरायांच्या डब्यात ठेवला आहे. सोबत चिठ्ठी आहे: "नक्कल. ओतीव. वजन २.३१० ग्रॅम. १९७४ साली आप्पांनी सातशे रुपयांना घेतला, आईची एक पाटली मोडून." दादाचे म्हणणे, शेवटचे वाक्य काढून टाक. मी ठेवले आहे.

आणि साताऱ्याच्या वन्संनी त्यांच्या सासरच्या शिवराया दिवाळीआधी चिंचेने नाहीतर पितांबरीने लख्ख करते म्हणून कळवले आहे. वन्सं, कृपा करून घासू नका. आहेत तशा कागदात गुंडाळून घेऊन या, आपण दोघी मिळून आधी वजन करू.